झटका मशीनची बॅटरी आणि घरचा चार्जर

धान लोंबीवर आले की कुरखेडा तालुक्यातील शेतकऱ्याची झोप उडते. जंगलाला लागून असलेल्या बांध्यांमध्ये रात्री रानडुकरांचे कळप उतरतात आणि चार महिन्यांची मेहनत तासाभरात तुडवली जाते. २०२१ मध्ये छत्तीसगडमधून गडचिरोली जिल्ह्यात आलेल्या रानटी हत्तींच्या कळपाने या चिंतेत भर घातली. पूर्वी शेतात मांडव उभारून, शेकोटी पेटवून आणि डबे वाजवून जागल केली जात असे. अलीकडच्या काळात हे काम बऱ्याच ठिकाणी झटका मशीनकडे आले आहे. धुऱ्यावरून ओढलेली तार, खांबाला टांगलेली छोटी पेटी, तिच्यावर सौर पॅनेल आणि खाली १२ व्होल्टची बॅटरी, एवढाच त्याचा संसार असतो. शासनाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतूनही अशा सौर कुंपणांना साहाय्य मिळाले आहे.

ही सारी व्यवस्था बॅटरीच्या बळावर उभी असते. पावसाची झड लागून चार-पाच दिवस आभाळ भरलेले राहिले की पॅनेल पुरे पडत नाही, बॅटरी उतरते आणि तार निर्जीव होते. मग घरच्या विजेवर चालणारा चार्जर बाहेर निघतो. हा चार्जर दिसायला साधा असतो. एका टोकाला तीन पिनांचा प्लग, दुसऱ्या टोकाला लाल आणि काळा असे दोन चिमटे. मात्र २३० व्होल्टची घरची वीज आणि १२ व्होल्टची शेतातली वीज या दोन वेगळ्या जगांची गाठ याच पेटीत पडते. त्यामुळे तो कोठे, कशाला आणि कोणत्या क्रमाने जोडला जातो याला फार महत्त्व आहे.

बॅटरी कुंपणाला जोडलेली असताना चार्जर लावू नये

सर्वांत घातक चूक सोयीपोटी होते. पंपाच्या मीटरपासून वायर ओढून चार्जर थेट शेतात नेला जातो आणि झटका मशीन तारेला जोडलेली असतानाच बॅटरीला चिमटे लावले जातात. बॅटरीही चार्ज होते, कुंपणही चालू राहते, असा त्यामागचा हिशेब. बॅटरीवर चालणारी झटका मशीन चार्जरसारख्या घरच्या विजेवरील उपकरणाला जोडू नये, असा स्पष्ट इशारा या यंत्रांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. बहुतेक यंत्रांच्या माहितीपत्रकात तो छापलेलाही असतो. वाचला मात्र क्वचितच जातो.

त्यामागचे कारण समजून घेणे अवघड नाही. झटका मशीन काही हजार व्होल्टचा दाब निर्माण करते, परंतु तो सेकंदाच्या अत्यंत लहान अंशापुरताच टिकतो आणि दोन झटक्यांमध्ये साधारण एका सेकंदाचे अंतर असते. त्या अंतरात जनावर किंवा माणूस तारेपासून दूर होऊ शकतो. घरची वीज अशी उसंत देत नाही. ती अखंड वाहते, स्नायू आखडतात आणि तार धरलेला हात सुटत नाही. शरीरातून जाणारा काही दशांश ॲम्पिअरचा, कधी त्याहूनही कमी प्रवाह हृदयाची लय बिघडवण्यास पुरेसा ठरतो.

चांगल्या चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि १२ व्होल्टची बाजू यांचा थेट संबंध नसतो. ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्या एकमेकींपासून विलग असतात आणि ऊर्जा केवळ चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. ही विलगता टिकवण्याचे काम तारेवरचे रोगण, कागद आणि प्लास्टिक करतात. पेटी वर्षानुवर्षे तापली, ओल शिरली, उंदराने वायर कुरतडली किंवा पावसात ती धुऱ्यावर पडून राहिली, तर हा पडदा फाटतो. बॅटरी मशीनला आणि मशीन कुंपणाला जोडलेले असेल, तर घरची वीज साऱ्या तारेत उतरू शकते. ज्या तारेला गावातील मुले ‘नुसता झटका बसतो’ असे समजून असतात, तीच तार त्या रात्री जीवघेणी झालेली असते आणि बाहेरून पाहता काहीच वेगळे दिसत नाही.

शेताच्या तारेत घरची वीज आली म्हणजे काय होते, हे या दोन्ही जिल्ह्यांनी पाहिलेले आहे. एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड परिसरात रेडिओ कॉलर लावलेला ‘श्रीनिवास’ हा वाघ शेताच्या कुंपणातील जिवंत प्रवाहाने मृत्युमुखी पडला. उमरेड-कऱ्हांडला येथील प्रसिद्ध ‘जय’ वाघाचा तो छावा. अशा तारांना चिकटून माणसेही गेली आहेत, आणि पुष्कळदा ती शेजारच्याच बांधीतील असतात. कुंपणात हेतुपुरस्सर वीज सोडणे हा गुन्हा आहे. नादुरुस्त चार्जरमधून ती नकळत उतरली, तरी तारेला हात लावणाऱ्याच्या दृष्टीने फरक पडत नाही.

म्हणून नियम एकच आणि तो निरपवाद पाळावा: आधी मशीन बंद करावी, बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवाव्यात, बॅटरी घरी आणावी आणि मगच तिला चार्जर लावावा. सौर पॅनेलला हा नियम लागू नाही, कारण पॅनेलचा घरच्या विजेशी संबंधच नसतो. रात्री कुंपण उघडे राहू नये यासाठी एकाच क्षमतेच्या दोन बॅटऱ्या ठेवून त्या आलटून पालटून वापरणे हा उत्तम उपाय होय. त्याला खर्च आहे. परंतु एकाच बॅटरीला रोज तळापर्यंत रिती करून वर्षभरात निकामी करण्यापेक्षा दोन बॅटऱ्यांना निम्म्यावर राखणे शेवटी स्वस्तच पडते.

जागलीच्या टॉर्चबाबतही थोडी सावधगिरी हवी. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त चार्जिंग टॉर्चमध्ये पुष्कळदा ट्रान्सफॉर्मर नसतोच. केवळ एका कपॅसिटरच्या आधारे घरची वीज कमी करून आतील छोट्या बॅटरीला दिली जाते. तिथे विलगता नावालाही नसते. असा टॉर्च प्लगमध्ये असताना पेटवू नये, उघडू नये आणि त्याचे आवरण फुटले असेल तर तो वापरातून काढावा.

कोणत्या बॅटरीला कोणता चार्जर

झटका मशीन, फवारणीचा बॅटरी पंप, ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि इन्व्हर्टर यांत अजूनही प्रामुख्याने शिसे-आम्ल बॅटरी आढळते. फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये ती प्रथम तयार केली, आणि तिचे मूळ रसायन आजही तेच आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत प्रत्येकी सुमारे दोन व्होल्टचे सहा घट असतात. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी काही तास विसावल्यानंतर मल्टिमीटरवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या आसपास ती साधारण निम्मी असते आणि ११.८ म्हणजे ती जवळजवळ उतरलेली समजावी.

तिला भरण्यासाठी मात्र याहून अधिक दाब द्यावा लागतो. चांगला स्वयंचलित चार्जर आरंभी ठरावीक प्रवाह देतो, दाब १४.४ व्होल्टच्या सुमारास पोहोचला की तो तेथेच रोखून धरतो, प्रवाह आपोआप घटू देतो आणि बॅटरी भरल्यावर १३.५ ते १३.८ व्होल्टवर उतरतो. या शेवटच्या अवस्थेत बॅटरी जोडलेली राहिली तरी तिला अपाय होत नाही. जुन्या पद्धतीच्या साध्या चार्जरला मात्र थांबणे ठाऊक नसते. त्यात ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि काटा असलेला मीटर एवढेच असते. बॅटरी भरो वा न भरो, तो प्रवाह रेटतच राहतो. असा चार्जर वापरणे चूक नव्हे, पण तो लावून झोपी जाणे चूक आहे.

प्रवाहाचे माप बॅटरीच्या क्षमतेवरून ठरते. क्षमतेच्या दहाव्या हिश्शाएवढा प्रवाह ही शिसे-आम्ल बॅटरीसाठी सर्वत्र मानलेली सुरक्षित मर्यादा आहे. झटका मशीनची बॅटरी २६ ॲम्पिअर-तासांची असेल, तर अडीच ॲम्पिअरचा चार्जर योग्य. ती निम्मी उतरली असेल तर १३ ॲम्पिअर-तास भरायचे आहेत. हिशेबाने पाच तास होतात, परंतु काही ऊर्जा उष्णतेत वाया जाते आणि शेवटच्या टप्प्यात प्रवाह मंदावतो, म्हणून प्रत्यक्षात सात-आठ तास धरावेत. हीच बॅटरी ट्रॅक्टरसाठीच्या २० ॲम्पिअरच्या चार्जरला लावली तर आतील द्रव उकळल्यासारखा होतो आणि पट्ट्या वाकतात. उलट, १५० ॲम्पिअर-तासांच्या इन्व्हर्टर बॅटरीला दीड ॲम्पिअरचा छोटा चार्जर लावल्यास ती चार दिवसांतही भरत नाही.

सीलबंद छोट्या बॅटऱ्यांच्या अंगावरच त्यांचे पथ्य छापलेले असते. नियमित वापरासाठी १४.४ ते १५ व्होल्ट, कायम जोडून ठेवण्यासाठी १३.५ ते १३.८ व्होल्ट, आणि आरंभीचा प्रवाह अमुक ॲम्पिअरपेक्षा कमी. इंग्रजीतील ही तीन ओळींची छपाई कोणी वाचत नाही, आणि दुकानदारही ‘बारा व्होल्टचा द्या’ एवढ्यावर चार्जर काढून देतो. चार्जर विकत घेताना बॅटरी, निदान तिचे छायाचित्र, सोबत न्यावे.

तपमानाचा मुद्दाही या भागात दुर्लक्षून चालणार नाही. वर दिलेले आकडे २५ अंश सेल्सिअससाठी आहेत. त्याहून प्रत्येक अंशामागे दर घटाला सुमारे तीन ते चार सहस्रांश व्होल्ट कमी द्यावे लागतात. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पारा ४५ अंशांवर असताना सहा घटांसाठी ही घट जवळपास ०.४ व्होल्ट होते. म्हणजे १४.४ ऐवजी १४ व्होल्टच पुरेसे असतात. चार्जर तपमान ओळखणारा नसेल, तर उन्हाळ्यात चार्जिंग रात्री उशिरा किंवा पहाटे करावे. ‘बॅटरी तापली म्हणजे मस्त चार्ज झाली’ हा सार्वत्रिक समज नेमका उलटा आहे. हाताला चांगलीच गरम लागणारी बॅटरी त्रासात आहे असे समजावे आणि चार्जर बंद करावा.

नव्या पंपांत आणि काही कुंपणयंत्रांत आता लिथियमच्या बॅटऱ्या येऊ लागल्या आहेत. त्यांना शिसे-आम्ल बॅटरीचा चार्जर लावू नये. दोन्हींवर ‘१२ व्होल्ट’ लिहिलेले असले आणि पिन तंतोतंत बसत असली, तरीही नाही. लिथियम-आयन घटाला सामान्यतः ४.२ व्होल्टच्या वर नेता येत नाही, लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारात ही मर्यादा ३.६५ व्होल्टची आहे. शिसे-आम्ल बॅटरी अतिचार्जिंगमध्ये पाणी आणि वायू सोडून निभावते. लिथियमच्या घटाकडे अशी वाट नसते. तो तापत जातो, फुगतो आणि पेटलाच तर सहजी विझत नाही. बॅटरीसोबत आलेला चार्जर हरवल्यास त्याच उत्पादकाचा मागवावा. तोवर पंप हाताने मारलेला परवडला.

जोडण्याचा क्रम आणि वायूचा धोका

चार्ज होत असताना शिसे-आम्ल बॅटरीतील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. भरलेल्या बॅटरीत प्रवाह रेटत राहिल्यास दर ॲम्पिअर-तासाला सहा घटांतून मिळून सुमारे अडीच लिटर हायड्रोजन निघतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते. सबंध खोली भरण्याची गरज नसते. बॅटरीच्या तोंडाशी साचलेला वायू पेटला तरी प्लास्टिकचे आवरण फुटून गंधकाम्ल चेहऱ्यावर उडते. गॅरेजमध्ये तारांची ‘ठिणगी मारून’ बॅटरीत जीव आहे का हे पाहण्याची रीत आहे. ती या कारणासाठी सोडून द्यावी. पंधरावीस हजारांची दुरुस्ती करणारा मिस्त्री दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर बाळगत नाही, हे नवलच म्हणायचे.

चार्जिंगची जागा म्हणून ओसरी किंवा पडवी उत्तम. पाऊस लागू नये, परंतु वारा खेळता असावा. चुलीजवळ, देवघरातील समईजवळ, तसेच तणस किंवा धानाच्या पोत्यांलगत बॅटरी ठेवू नये. बॅटरी जमिनीवर ठेवली की उतरते, हा समज आजच्या प्लास्टिक आवरणाच्या बॅटऱ्यांना लागू नाही. तथापि खाली फळी असली तर सांडलेले आम्ल फरशी खाणार नाही आणि उचलताना हातही घसरणार नाही.

चिमटे लावताना चार्जरचे बटण बंद असावे. आधी लाल चिमटा बॅटरीच्या धन टोकाला, मग काळा ऋण टोकाला, आणि त्यानंतरच बटण चालू. काढताना याच्या उलट: प्रथम बटण बंद, मग काळा चिमटा, शेवटी लाल. सारा खटाटोप एवढ्यासाठीच, की ठिणगी पडलीच तर ती बॅटरीच्या तोंडाशी पडू नये. बॅटरी ट्रॅक्टरमध्येच ठेवून चार्ज करायची असेल तर काळा चिमटा बॅटरीपासून दूर, चासिसच्या उघड्या धातूला लावावा. धन-ऋण उलटे जोडले गेल्यास चांगला चार्जर स्वतःच नकार देतो. साध्या चार्जरचा डायोड जळतो आणि त्याबरोबर पुष्कळदा यंत्राचे सर्किटही. हातातील कडे किंवा अंगठी कामापूर्वी उतरवून ठेवावी. दोन टोकांमध्ये धातूचा पाना पडला तर तो क्षणात लाल होतो.

झाकणांच्या बॅटरीत द्रवाची पातळी आधी पाहावी. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढेच पाणी घालून चार्जिंग सुरू करावे आणि खुणेपर्यंतची भर चार्जिंग संपल्यावर घालावी. आधीच काठोकाठ भरल्यास चार्ज होताना द्रव फुगून बाहेर येतो. पाणी बॅटरीचेच, म्हणजे डिस्टिल्ड, असावे. बोअरवेलच्या पाण्यातील लोह आणि क्षार पट्ट्यांवर कायमचे बसतात. कमी झालेले असते ते पाणी, आम्ल नव्हे. म्हणून वरून आम्ल घालणे सर्वथा अयोग्य.

आम्ल डोळ्यांत उडाल्यास पापण्या उघड्या धरून निदान १५ ते २० मिनिटे स्वच्छ पाण्याच्या धारेने डोळा धुवावा आणि लगेच रुग्णालयात जावे. दूध, तूप किंवा सोडा डोळ्यांत घालू नये. खाण्याचा सोडा फरशीवर सांडलेल्या आम्लासाठी आहे. आतल्या गावांतून रुग्णालय गाठण्यास वेळ लागतो आणि पावसाळ्यात नाले भरले की तो वाढतोच. त्यामुळे पहिल्या पंधरा मिनिटांतील पाण्याचे मोल येथे शहरापेक्षा अधिक आहे. चार्जर लावण्यापूर्वी पाण्याने भरलेली बादली जवळ आणून ठेवावी.

हंगाम संपल्यावर

बॅटऱ्या मरतात त्या बहुतांशी वापरामुळे नव्हे, तर अडगळीत पडून. कार्तिकात शेवटची फवारणी झाली की पंप कोपऱ्यात जातो. त्यानंतर धानाची मळणी होते, मोहफुले वेचली जातात, तेंदूपत्त्याचे दिवस येतात आणि पंपाची आठवण होते ती थेट पुढच्या खरिपात. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत सहा-सात महिने राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक घट्ट होतात. मग चार्जरचा हिरवा दिवा अर्ध्या तासातच लागतो आणि दोन टाक्या मारण्याआधीच पंप थांबतो. दोष बहुधा चार्जरला दिला जातो.

शिसे-आम्ल बॅटरी न वापरताही दरमहा काही टक्के उतरते आणि उष्णता जितकी अधिक तितकी लवकर उतरते. ठेवताना ती पूर्ण चार्ज करावी, यंत्रापासून सोडवावी, घरातील थंड जागी ठेवावी आणि महिन्या-दीड महिन्याने एकदा पुन्हा चार्ज करावी. तेंदूपत्त्याच्या फळीवर जाण्यापूर्वी एक रात्र चार्जर लावणे, एवढी सवय पुरेशी आहे. लिथियमची बॅटरी मात्र पूर्ण भरून ठेवू नये, निम्म्याच्या आसपास ठेवावी.

मोबाइलविषयी थोडक्यात सांगायचे तर चार्जिंग उशीखाली, गादीवर किंवा पांघरुणात करू नये, फुगलेली बॅटरी दाबून पुन्हा बसवू नये आणि चार्जर भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणी क्रमांकाचा घ्यावा. २०१२ च्या आदेशानंतर टप्प्याटप्प्याने अशा उपकरणांना ही नोंदणी सक्तीची झाली. विजेवरच्या दुचाकीची बॅटरी प्रवासाहून येताच गरम असताना चार्जिंगला लावू नये, थोडा वेळ निवू द्यावी.

निकामी बॅटरी परसात फोडून शिसे काढण्याचा उद्योग अजून अधूनमधून दिसतो. त्यातील आम्ल विहिरीच्या पाण्यात उतरते आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलनासाठी देणे हे वापरणाऱ्याचे कर्तव्य आहे. नवी घेताना जुनी दुकानात दिल्यास किमतीत सूटही मिळते.

घरी रात्रभर चार्ज झालेली बॅटरी सकाळी चार्जरपासून सोडवावी आणि संध्याकाळी शेतात नेण्यापूर्वी मल्टिमीटर लावून पाहावा. काटा १२.६ च्या आसपास असेल तर ती रात्र काढील. दिवसभरात कशालाही न जोडता १२.२ पर्यंत घसरली असेल, तर तिचा एखादा घट गेलेला असण्याची शक्यता मोठी, आणि अशी बॅटरी कितीही वेळ चार्जरवर ठेवली तरी पहाटेच्या सुमारास, नेमकी डुकरे उतरण्याच्या वेळेला, तार निर्जीव होणार.